ओली वाळू

दोन वर्षांपूर्वी माझी चिंचवडच्या धर्मग्रामात पुन्हा बदली झाली. २००८ ते २०१४ अशी सहा वर्षे मी येथे काढली होती. त्यानंतर दोन धर्मग्राम पाहून परत आलो. धर्मगुरूनिवासातील खोली तीच मिळाली. भिंतींना नवा रंग लागला होता, परंतु टेबलासमोरच्या भिंतीतला खिळा कोणी उपटला नव्हता. रंगाऱ्याने त्याच्यावरूनही ब्रश फिरवला होता. पहिल्याच संध्याकाळी ट्रंक उघडून मी त्या खिळ्यावर माझे जुने चित्र अडकवले आणि मगच चहा घेतला.

ते चित्र म्हणजे काही मूळ कलाकृती नव्हे. एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेतून कापून घेतलेले ते छापील पान आहे आणि त्याची चौकट आकुर्डीच्या एका दुकानात करून घेतलेली आहे. चित्राखाली ‘समुद्रदृश्य’ एवढेच छापलेले आहे. अर्ध्याहून अधिक कागद आकाशाने व्यापलेला. डाव्या बाजूला एक जांभळट डोंगर धुक्यात विरघळत समुद्रात उतरलेला. समुद्र म्हणावा तर बोटभर रुंदीची एक निळसर पट्टी, तिच्यावर कुंचल्याच्या दोन फटकाऱ्यांत उभी केलेली होडी, आणि खाली नुसती ओली वाळू. त्या वाळूत वरचे आकाश उतरलेले. माणूस नाही, पक्षी नाही, साधे माडाचे झाडही नाही. उजव्या कोपऱ्याकडे वाळूवर तपकिरी रंगाची एक वाकडी रेघ आहे. तिचे काय करावे हे मला अनेक वर्षे उमगले नव्हते. चित्रकाराचे नाव प्रल्हाद अनंत धोंड.

हे नाव आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. साहित्यात रमणाऱ्यांना धोंड म्हटले की ज्ञानेश्वरीचे साक्षेपी अभ्यासक म. वा. धोंड आठवतात आणि पुष्कळदा दोघांची गल्लत होते. गंमत अशी, की म. वा. धोंडांच्या एका ग्रंथाचे नाव ‘जाळ्यातील चंद्र’, आणि चित्रकार धोंडांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव ‘रापण’. दोन्ही धोंडांच्या हाती जाळेच! असो. चित्रकार धोंड १९०८ साली जन्मले आणि २००१ साली निवर्तले. ते मूळचे कोकणातले, जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा त्या वेळी त्यातच मोडत असे, तो १९८१ साली वेगळा झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत ते शिकले, तेथेच त्यांनी शिकवले आणि पुढे त्या संस्थेचे ते अधिष्ठाता झाले. जमशेदजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेली ही शाळा. इंग्रज संचालकांचा अंमल, स्वातंत्र्य, नव्या चित्रकारांची बंडे, ही सारी स्थित्यंतरे तिने पाहिली. व्यक्तिचित्रांचा काळ गेला, अमूर्त चित्रांचा आला. परंतु धोंडांची ओळख राहिली ती जलरंगातील समुद्रदृश्यांची. समुद्र, पुळण, एखादी होडी, दूरचा डोंगर आणि आकाश एवढ्या भांडवलावर त्यांनी उभी हयात चित्रे काढली.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती पुस्तकातून. मी मालवणच्या किनाऱ्यावरचा. त्या वेळी सिंधुदुर्गातील धर्मग्राम पुणे धर्मप्रांताच्या छायेत होते (स्वतंत्र सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली झाला), त्यामुळे गुरुदीक्षेच्या तयारीसाठी मी पुण्यास आलो. सेमिनरीच्या ग्रंथालयात तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या इंग्रजी ग्रंथांच्या भिंती उभ्या होत्या. मराठी पुस्तकांचे कपाट एकच, तेही जिन्याखाली. एका पावसाळी दुपारी त्या कपाटात ‘रापण’ हे नाव मला दिसले आणि पोटात काहीतरी हलले. घराची ओढ लागलेल्या मुलाला दुसरे काय हवे? होडी, जाळे, बांगडे आणि तांडेलाचा आवाज मिळेल, या आशेने मी ते पुस्तक रात्री उघडले. आत निघाली जे. जे. कलाशाळा! तेथील गुरुजन, विद्यार्थी, त्यांचे विक्षिप्तपणे आणि धमाल किस्से. १९७९ साली प्रसिद्ध झालेले ते पुस्तक मराठीतील उत्तम आठवणींपैकी एक आहे, हे मला पुढे कळले. त्या रात्री मात्र मी फसवला गेल्यासारखा झालो होतो. तरी पुस्तक सोडवले नाही. मासळीऐवजी माणसेच ओढून आणली होती त्यांनी, परंतु ओढणारा हात आमच्या किनाऱ्यावरचा होता, हे पानोपानी जाणवत होते.

ज्यांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे, कारण चिंचवडच्या माझ्या धर्मग्रामस्थांत घाटावरचे आणि नगर जिल्ह्यातील बांधव पुष्कळ आहेत. रापण हे लांबच लांब जाळे. त्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हाती राहते. दुसरे टोक घेऊन होडी समुद्रात जाते, जाळे सोडत सोडत अर्धवर्तुळ घेते आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा उभ्या राहतात आणि ओढू लागतात. पाय वाळूत रुतलेले, अंग मागे झुकलेले. रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात, अर्धचंद्र लहान लहान होत येतो आणि शेवटी जाळ्याचा घोळ पुळणीवर येऊन पडतो. तारली, बांगडा, पेडवे, जे दर्या देईल ते. मग वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. वाटेने जाणाऱ्या परक्याने जरी दोराला हात लावला, तरी त्याला रिकाम्या हाती पाठवायचे नाही, ही रीत मी लहानपणापासून पाहिली. आमच्या घराच्या जाळ्याचा एक तुकडा गावच्या रापणीत होता.

पुस्तकामुळे मी धोंडांची चित्रे शोधू लागलो, आणि खरे सांगायचे तर मला ती आवडली नाहीत. ती सुंदर होती, यात वादच नव्हता. परंतु मला ती रिकामी वाटत. माझ्या वडिलांचे तळहात दोराने कापलेले मी पाहिले होते. आईने मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठलेला पाहिला होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ती कथा आमच्याकडे अजून दबक्या आवाजात सांगत असत. अशा समुद्राला नुसता निळा-करडा रंग देऊन भिंतीवर टांगायचे? सेमिनरीत आम्हांस भारतीय ख्रिस्ती कलेचा आदर्श म्हणून आंजेलो दा फोन्सेका यांची चित्रे दाखवीत. तेही पाण्याच्या वेढ्यातलेच. १९०२ साली गोव्याच्या सांतो इस्तेव बेटावर जन्मले, शांतिनिकेतनात शिकले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून १९६७ साली येथेच वारले. त्यांची साडीतील मरियामाता पाहिली की चित्रात माणूस हवा, दुःख हवे, करुणा हवी, असे मनात पक्के होई. त्या तराजूत धोंडांचे पारडे वर जाई. त्या वयात तराजू फार लवकर हाती येतो.

त्याच काळातील आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून पुढचे सांगता येणार नाही. एकदा वडील मला भेटावयास पुण्यास आले. एस.टी.ने रात्रभर प्रवास करून सकाळी सेमिनरीच्या फाटकाशी उभे राहिले. हातात वर्तमानपत्रात बांधलेले सुके बांगडे होते. मी त्यांना आत नेले, परंतु ते पुडके मात्र ‘नंतर घेऊ’ म्हणून पहारेकऱ्याच्या खोलीबाहेर ठेवायला लावले. सोबतच्या मुलांना वास येईल, ही भीती. वडील काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी ते पुडके पहारेकऱ्यालाच दिले.

२००७ साली आई गेली. माझा धाकटा भाऊ त्याआधीच पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत नोकरीला लागून येथे स्थिरावला होता. कोकणातील अर्धी घरे मुंबईच्या गिरण्यांनी रिकामी केली. उरलेल्यांतील कित्येक घरांना या औद्योगिक पट्ट्याने बोलावून घेतले. १९५४ साली पिंपरीत सरकारी औषधांचा कारखाना आला, मग वाहनांचे आले, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने आले, आणि आता ती रांग चाकणपर्यंत पोहोचली आहे. मालवणात वडील एकटे होते. रापणही पूर्वीची राहिली नव्हती. यांत्रिक नौका आणि पर्ससीनची मोठी जाळी बाहेरच्या पाण्यातच मासळीचे थवे उचलत. किनाऱ्यापर्यंत येणार काय? (पर्ससीनवर शासनाने निर्बंध घातले ते २०१६ साली. तोवर आमच्या घरचा दोर सुटला होता.) २००९ साली मीच विषय काढला. जाळ्याचा तुकडा देऊन टाका, घराला कुलूप लावा आणि चिंचवडला या, असे मी समजावले. भावाने फारसा आग्रह धरला नव्हता. वहिनी तर म्हणाली होती, की त्यांना तेथेच बरे वाटते. मी मात्र धर्मगुरू. माझ्या शब्दाला घरात वजन होते आणि ते मी वापरले. वडील त्या वेळी पंचाहत्तरीचे होते. ‘फादर सांगतात तर येतो,’ असे ते शेजाऱ्यांना म्हणाले. दीक्षेनंतर चारचौघांत ते मला ‘फादर’ म्हणत, घरात ‘बाबू’. त्या दिवशी घरातही ‘फादर’ म्हणाले.

चिंचवडमध्ये त्यांचे हाल झाले, असे म्हणता येणार नाही. नातवंडे होती, मिस्सा होती, औषधपाणी होते. पवनेच्या काठी फिरायला जात. मोरया गोसावींच्या मंदिरामागील घाटावर बसत. ‘पाणी आसा, पण येता-जाता नाय,’ एवढाच त्यांचा नदीवरचा अभिप्राय. एकदा भावाबरोबर लोणावळ्याच्या लोकलची वाट पाहताना स्थानकाच्या पिवळ्या फलकावर त्यांना ‘समुद्र’ हा शब्द दिसला. समुद्रसपाटीपासूनची उंची तेथे लिहिलेली असते. त्यांनी भावाला विचारून घेतले, की आपण दर्याच्या किती वर आहोत. साडेपाचशे मीटरहून जास्त, हे ऐकून ते बराच वेळ त्या फलकाकडे पाहत राहिले, असे भावाने मला सांगितले. त्यावर मी हसलो होतो.

दुपारची झोप झाली की ते चालत धर्मगुरूनिवासात येत आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसत. मी नोंदवह्या लिहीत असे. त्या भिंतीवर तेव्हा हे चित्र नुकतेच लावले होते. पुस्तिका एका मित्राने दिली होती आणि चित्र नावडते असले तरी गावची आठवण म्हणून मी ते चौकटीत घातले होते. दोन-तीन दिवस वडील त्याकडे पाहत राहिले. मग एके दिवशी म्हणाले, “ह्यां कोणी काढल्यान?”

मी नाव सांगितले.

“सुकती लागली हा,” ते म्हणाले.

मला कळेना. चित्रात ओहोटी कशी दिसावी? पाणी तर कागदावर जागच्या जागी. त्यावर त्यांनी उठून, चष्मा कपाळावर सारून, बोट काचेवर ठेवले. “वाळू बघ. वली खंयपर्यंत आसा ता बघ, आणि लाट खंय आसा ता बघ.” भरती चढत असते तेव्हा लाट कोरड्या वाळूवर येते, कोरडी वाळू थेट पाण्याला टेकलेली असते. ओहोटीत पाणी मागे हटत जाते आणि मागे ओली, चकाकणारी रुंद पट्टी ठेवते. धोंडांच्या चित्रात अर्धी पुळण आरशासारखी ओली होती आणि लाट तिच्यापासून दूर गेली होती. पाणी उतरून किती वेळ झाला असेल, याचाही त्यांनी अंदाज सांगितला. मी त्या किनाऱ्यावर जन्मलो, सोळा वर्षे वाढलो, आणि मला ते दिसले नव्हते.

मी म्हणालो, “परंतु बाबा, माणूस एकही नाही.”

“आत्ता गेली ती,” ते सहज म्हणाले. “वाटे झाले, घराक गेली.” आणि त्यांनी ती उजव्या कोपऱ्यातील तपकिरी वाकडी रेघ दाखवली. दोर ओढून नेल्याची खूण! रापण ओढून झाल्यावर दोर गुंडाळण्याआधी वाळूवर असाच वळसा उमटतो. चित्रकाराने तेथे दोराचीच खूण काढली होती, की वाहून आलेले शेवाळ, की कुंचला सहज फिरला, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. परंतु ज्याने आपल्या पुस्तकाला ‘रापण’ नाव दिले, त्याच्या हातून ती रेघ आली आहे, आणि ज्याने साठ वर्षे रापण ओढली त्याने ती वाचली आहे. मी मध्ये कोण?

खुर्चीवर परत बसताना ते म्हणाले, “हेका दर्यो ठावक आसा.” एखाद्या परगावच्या तांडेलाविषयी बोलावे, तसे.

त्यानंतर मी ही चित्रे नव्याने पाहू लागलो. आमच्या धर्मग्रामात त्या वेळी शाळेतून निवृत्त झालेले एक चित्रकला शिक्षक होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या कैक पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. त्यांनी मला जलरंगाची अडचण समजावली. तैलरंगात चूक झाली तर वर दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतोच. जो उजेड दिसतो तो कागदाचा स्वतःचा असतो. म्हणजे लाटेचा फेस, ओल्या वाळूवरची चमक, ढगाची कड या गोष्टी काढायच्या नसतात, त्या न काढता राखायच्या असतात. एकदा तेथे रंग गेला की उजेड गेला. आकाश असे मऊ हवे असेल तर कागद ओला असतानाच रंग सोडावा लागतो. तो किती पसरेल हे पाणी ठरवते, चित्रकार नुसती दिशा देतो. कागद जास्त ओला असेल तर क्षितिज वाहून जाते, कमी ओला असेल तर कडा चाकूसारखी कापते. ‘फादर, एप्रिलमध्ये इथे चिंचवडला मी ओला कागद घेतो, तोवर वाळतोच,’ ते म्हणाले. ‘किनाऱ्याच्या दमट हवेत कागदाला दम असतो.’ सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर याच माध्यमातले फार मोठे नाव, हेही त्यांच्याकडूनच समजले. म्हैसूरच्या राजवाड्यातील त्यांची दिवा हातात घेतलेली स्त्री लाखो लोक पाहतात आणि त्यांतले निम्मे ती रविवर्म्याची समजतात!

पुढे एकदा मुंबईत मला धोंडांचे मूळ चित्र पाहायला मिळाले. छापील पानात जे सपाट होते ते तेथे श्वास घेत होते. कागदाच्या खरखरीत पृष्ठावरून कुंचला भरभर ओढला गेला होता आणि खोलगट जागी रंग पोहोचलाच नव्हता; त्या न पोहोचलेल्या ठिपक्यांनीच पाणी लकाकत होते. सगळे चित्र फार थोड्या वेळात झाले असावे. भरती-ओहोटीप्रमाणेच ओल्या कागदाचीही वेळ ठरलेली असते. त्या वेळेत जे होईल ते, नंतर हात लावायचा नाही. मी परत येऊन वडिलांना हे सांगितले. ते म्हणाले, रापणीचेही तसेच, अर्ध्यावर थांबून विचार करता येत नाही.

धोंडांच्या पिढीतील कोकणी मुलगा मुंबईला जाई तो बोटीने. मालवण, देवगड, विजयदुर्ग अशी बंदरे घेत बोट जाई. खोल पाण्यात ती उभी राही आणि पडावातून उतारू तिच्यापर्यंत नेत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. ती बोटसेवा जाऊन कैक वर्षे लोटली. मालवण बंदरात आता उतारू चढतात ते सिंधुदुर्ग किल्ला पाहायला. वडिलांनी तरुणपणी पडावावर काम केले होते, हे मला चित्रासमोरच्या त्या खुर्चीमुळे कळले. समुद्रात उभे राहून गाव लहान होताना पाहणे म्हणजे काय, ते त्यांनी मला सांगितले: आधी माणसे दिसेनाशी होतात, मग माड, मग घरे, शेवटी उरतो डोंगर आणि वाळूची पांढरी रेघ. मी भिंतीकडे पाहिले. ज्याला मी रिकामेपण म्हणत होतो ते कदाचित निघून चाललेल्या मुलाने बोटीवरून मागे वळून पाहिलेले गाव असेल. हा माझा तर्क आहे. धोंडांच्या माथी तो मारू नये.

मी अशी चित्राविषयी नवनवी माहिती जमवत होतो, वडिलांना सांगत होतो, आणि आपण त्यांच्यासाठी काही करत आहोत असे मला वाटत होते. २०१३ च्या नाताळाआधी त्यांनी मला विचारले, एकदा मालवणला जाऊन येऊ या का? चार दिवस पुरेत. मी म्हणालो, नाताळ होऊ दे. नाताळ झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारले. त्या वेळी प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या मुलांची तयारी आणि चर्चच्या छपराची दुरुस्ती होती. मी म्हणालो, ईस्टर झाला की नक्की. त्यांनी मान डोलावली आणि भिंतीकडे पाहत बसले.

फ्रान्समध्ये यूजीन बूदँ नावाचा एक चित्रकार होऊन गेला. १८२४ साली ओंफ्लर या बंदरगावी एका नाविकाच्या घरी जन्मला; जन्मभर त्याने बंदरे आणि किनारे रंगवले; क्लोद मोनेसारख्या तरुणाला उघड्यावर बसून चित्र काढायला त्यानेच शिकवले. १८९८ साली आपला अंत जवळ आला हे ओळखून तो दोव्हिलला, आपल्या समुद्रापाशी, परत गेला आणि तेथेच त्याने डोळे मिटले. ही हकीकत मी एका पुस्तकात वाचली ती त्याच वर्षी मे महिन्यात. वडील फेब्रुवारीत गेले होते. रात्री झोपेत, भावाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. त्यांना येथेच पुरले. मी त्यांना दर्याचे चित्र दाखवत राहिलो. त्यांनी दर्या मागितला होता.

मार्चमध्ये, उपवासकाळात, घराची कागदपत्रे करण्यासाठी मी आणि भाऊ मालवणला गेलो. पहाटे एकटाच पुळणीवर उतरलो. हवा दमट होती. आकाश आणि पाणी यांच्यामधली रेघ नीट दिसत नव्हती. ओल्या कागदावरच्यासारखी पसरली होती. मी पाण्याकडे पाहत उभा राहिलो आणि प्रथमच स्वतःहून खाली पाहिले. कोरडी वाळू थेट लाटेला टेकली होती. भरती लागली होती.

उजवीकडे रापण ओढत होते. पूर्वीसारख्या लांब रांगा नव्हत्या. एकेका दोराला दहा-बारा माणसे, त्यांतली निम्मी पांढऱ्या केसांची. एकाने मला ओळखले. वडिलांच्या बरोबरीचा होता. “फादर, हात लावा,” तो म्हणाला. मी चपला काढल्या, झगा नव्हताच, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि रांगेच्या शेवटी दोर धरला. पाच मिनिटांत तळहात पेटले. कोणी काही बोलत नव्हते. जाळे आले तेव्हा त्यात फार काही नव्हते: तारली, थोडे बांगडे, बाकी कचरा.

वाटे पडू लागले तसा मी चपला उचलून निघालो. तांडेलाने हाक मारली. प्लास्टिकच्या पिशवीत चार बांगडे आणि मूठभर तारली घालून त्याने ती माझ्यापुढे धरली. मी नको म्हणालो, आम्ही दोघेच आहोत म्हणालो. तो म्हणाला, हात लावलात तर वाटा घ्यावा लागतो.

मी ती पिशवी हातात घेऊन बाजारातून चालत चुलत बहिणीच्या घरी गेलो. वाटेत धर्मग्रामाचे काही लोक भेटले, त्यांच्याशी बोलत उभा राहिलो. बहिणीने दुपारी बांगड्यांचे तिखले केले.